पगारी विधवा

४ मार्च

सगळीकडून नकार! शेवटचा आमच्याच गावच्या मेडिकल कॉलेजचा. सल्लागार बाई म्हणाल्या, "मार्क उत्तम आहेत, सिग्रिड. पण रुग्णांचा सहवास नाही. अर्जाला वजन हवं."

"माझं घे की!" घरी हे ऐकून बाबा पोटावर थाप मारून म्हणाले. सगळा हिवाळा रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीत बसून पोट सुटलंय. मला हसू आलं, मग रडू.

१७ मार्च

काम मिळालं — त्याच कॉलेजात! विद्यार्थ्यांच्या सरावासाठी त्यांना खोटे रुग्ण लागतात. डॉक्टर म्हणून नको होते, रुग्ण म्हणून हातोहात घेतलं.

आज अपेंडिक्स. दुखायचं उजवीकडे, माझ्या जुन्या वर्गातल्या ग्रॅडीने दाबलं डावीकडे. हाच ग्रॅडी परीक्षेत माझं बघून लिहायचा. आता तो डॉक्टर होणार आणि मी टेबलावर कण्हतेय! पण शेरा लिहायचा अधिकार माझा. लिहिलं — हात गार. भावना त्याहून गार.

९ मे

बढती! आता विधवा. नवरा अपघातात गेल्याचं मला दिवसभर पाळीपाळीने सांगतात. पद्धत ठरलेली — खुर्ची जवळ ओढायची, "माफ करा" म्हणून सुरुवात, मग बातमी, मग गप्प बसायचं, मग टिश्यूचा खोका पुढे सरकवायचा. खुर्ची सरकली की माझे डोळे भरतात. नळच!

ग्रॅडी सगळं पाठ करून आला होता. पोपट! नापास केला. मजा आली.

जेवताना बाबा म्हणाले, "आज कोण गेलं?"

"नवराच."

"परत? अगं, जरा धडधाकट बघून करत जा!"

"ताटावर मेलेली माणसं नकोत," आई करवादली. हे आता रोजचंच.

२ जून

अर्ज पुन्हा भरला. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं — विधवा.

१४ ऑक्टोबर

मुलाखत. डॉ. ओल्सेन उशिरा आले. खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. "माफ करा —"

मी भोकाड पसरलं! "कसा गेला हो? फार त्रास झाला का त्याला?"

ते उशिराबद्दल माफी मागत होते. बिचारे गप्पच झाले. मग टिश्यूचा खोका पुढे सरकवला. मी हुंदके देत म्हटलं, "छान. पण जरा लवकर सरकवायला हवा होता."

संपलं सगळं. बाबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "तुला नाही घेतलं तर बिनडोक म्हणेन त्यांना!"

१९ नोव्हेंबर

बाबा सकाळी बर्फ काढायला गेले. गाडीतच हृदय बंद पडलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "माफ करा —" सगळं अगदी पद्धतशीर. मी ठणठणीत कोरडी. एक टिपूस नाही! कसली मुलगी मी?

ग्रॅडी दाराशी उभा होता, बाईंच्या हाताखाली शिकायला. त्याला खोका आणायचं सुचलंच नाही. ढसाढसा रडत होता वेडा.

८ डिसेंबर

प्रवेश मिळाला. ओल्सेननी स्वतः फोन केला.

आईने माझ्या आवडीचा बटाट्याचा हॉटडिश ओव्हनमध्ये भाजला. दोघींनी नुसता चिवडला. मग ती खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली.

"आज कोण गेलं?" तिने हळूच विचारलं.

"बाबा," मी म्हटलं. आणि मग दोघी रडलो.