सुनेच्या नावचा बांध

मामंजी, आज नातीने विचारलं, आजी, तुला पोहायला कोणी शिकवलं गो? सासऱ्याने, म्हटलं, तर तिचा विश्वासच बसेना. मला इतकं हसू आलं की तुम्हालाच लिहायला बसले. गलबतावरची तांडेलकी सोडून तुम्ही घरी आलात आणि आपल्या काजीच्या बागेतला वहाळ, तो बारकासा ओढा, चिरे-माती घालून अडवलात. शेताला नाही, गुरांना नाही, निव्वळ डुंबायला! "म्हाताऱ्याक दर्या पुरलो नाय," गाव म्हणायचं. खालच्या मळ्यातली काकी मात्र हसत नव्हती. "मजा तुमची, नि बांध फुटलो तर मिरचेचो मळो माझो व्हावान जातलो!"

मी फोंडाघाटाकडची, घोटाभर पाण्यात जीव घाबरा होणारी. कासोटा घट्ट मारून, कमरेला दोन सुके नारळ बांधून सासूबाईंनी मला पाण्यात सोडलेलं आहे आणि तुम्ही काठावर पाठमोरे बसून, नुसत्या आवाजावरून शिकवताय. "वाजता तो हात चुकता गो चेडवा! गुपचूप मार!" नारळ सोडून मी पलीकडे पोचले त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "आजपासून बांध तुझो." मी फुलून गेले. लगेच तुमचा प्रश्न, "फुटलो तर?" "तुमी आसास मां." "नाय! मालक तो, जो पयलो चिखलात उतारता." मग शिकवण. रोज बांधावरून फेरी मारायची, कुर्ल्या-खेकडे काढायचे, कारण ते बिळं पाडतात. खालच्या अंगाला निवळ पाणी पाझरलं तर पाझरू दे. गढूळ आलं की आतली माती चालली.

मे महिन्यात तुमचे चिरंजीव मुंबईहून रजेवर यायचे होते. मी पोहते हे त्यांना ठाऊक नव्हतं. घर भरलेलं असताना, सगळ्यांदेखत, या काठावरून त्या काठाला जायचं, असा माझा बेत. आणि नेमकं बोट येण्याच्या सकाळीच बांधाच्या बुडाशी गढूळ पाणी! मी धावत आले, तुम्ही पेज पीत होतात. "मामंजी, गढूळ येता!" वाटी खाली न ठेवता तुम्ही म्हणालात, "मगे माका कित्याक सांगतंस? बांध कोणाचो?"

क्षणभर वाटलं, आजचा दिवस टिकेल की, पोहून झाल्यावर सोडू पाणी. पण खालच्या मळ्यातून काकीच्या विळ्याची खसखस ऐकू येत होती. बांधात पाणी सोडायला फळ्या लावलेली मोरी होती, तिच्यात मी उतरले. एक फळी उचलायची, खालचं पाणी ओसरू द्यायचं, मग दुसरी. घाई केली असती तर मीच मळा बुडवला असता. शेवटची फळी निघाली तेव्हा मी कमरेपर्यंत चिखलात, आणि काठावर नवरा, हातात ट्रंक! "आये, ही म्हस कोणाची गो?" त्यांनी सासूबाईंना हाक घातली. मी रडणार, तेवढ्यात बांधाचा बैलगाडीच्या चाकाएवढा तुकडा धप्पकन आत बसला. रिकाम्या तळ्यात! मग कोणीतरी ओरडलं, "मासे!" आणि पोरंबाळं, पाहुणे, ट्रंक टाकून तेसुद्धा, सगळे चिखलात! काकी ओटीभर हिरव्या मिरच्या घेऊन आली. "कढीक घाला," एवढंच बोलली.

पोहून दाखवलं ते पुढच्या वर्षी. तुम्ही मात्र जाईपर्यंत वाडीभर सांगत राहिलात, "सून माझी एक दिस फेरी चुकवची नाय, म्हणान वाचलो मळो." मामंजी, नवरा येणार या आनंदात मी तीन दिवस बांधाकडे फिरकलेच नव्हते. त्या सकाळी गेले ती लपून पोहण्याची तालीम करायला. ओलं लुगडं पिळायला बांधाच्या आडोशाला उतरले, म्हणून दिसलं. तुम्ही कौतुक करायचात, मी पदर सावरून खाली बघायचे, आणि लोक म्हणायचे, काय लाजाळू सून.