मालकांच्या धनुष्याचे बाण

सोमवार, २ एप्रिल १९५६
प्रौढवर्गाच्या मास्तरांनी वही दिली. म्हणाले, आजी, रोज चार ओळी लिहायच्या. लई आनंद झाला. वाचणारं कुणी न्हाई. मुलगा रायबा शेरडांमागं, सून सगुणाला अक्षर येत न्हाई. म्हणून मोकळं लिहिते. जत्रा चोवीस तारखेला. झाडाला टांगलेला नारळ ज्याच्या बाणानं फुटंल, त्याच्या घराला पालखीचा पहिला खांदा. एकोणीस वर्षं हा मान आमच्याकडं. मालक मारायचे. मालक गेल्या आषाढात गेले. त्यांचे बाण त्यांच्यासंगं चितेवर ठेवले. धनुष्य तेवढं राहिलं. यंदा मारणार रायबा, बाण करणार मी. त्यांच्या शेजारी बसून जन्म गेला, सगळं येतं मला. काळजी अजिबात न्हाई.

गुरुवार, ५ एप्रिल
कारवीच्या चाळीस काठ्या आणल्या. रीत अशी. दोन विटांवर काठी आडवी ठेवायची, मधोमध दोन शेराचं वजन बांधायचं, किती बोटं लवते बघायचं. मालक दोन बोटं लवणारी घ्यायचे. का, ते कधी विचारलं न्हाई. मी अर्धं बोट लवली ती पास केली, बाकी फेल. एवढ्या कडक धनुष्याला बाण बी ताठच पायजे. लोहाराकडून तोळ्या-तोळ्याची टोकं आणली, मागं घारीची पिसं. दिसायला इतके देखणे की सगुणाला दाखवले. ती म्हणाली, आत्याबाई, ह्याची लाटणी बरी व्हतील. सुनेला काय कळतंय.

रविवार, ८ एप्रिल, सकाळी
प्रॅक्टिस. सहा बाण. सहाही नारळाच्या डावीकडं. वारा होता.

सोमवार, ९ एप्रिल
परत डावीकडं. पान हलत नव्हतं, पण वरच्या अंगाला वारा असतो.

बुधवार, ११ एप्रिल
गेनबा भावजी आले, मालकांचे शिकारीतले सोबती. दोरी दोन बोटांनी ओढली अन् माझ्याकडं बघितलं. वहिनी, दोरी कधी उतरवली व्हती? म्हटलं, न्हाई उतरवली. मालक गेले, आता धनुष्य बी रिकामं बघवंना, म्हणून तवापासून चढवलेलंच चुलीवर टांगलंय. भावजींनी दोरी उतरवली. मग म्हणाले, दोरी चढवून ठेवल्यानं लई मऊ पडलंय हे. ह्याच्यानं जाड काठी सुटताना लवत न्हाई, म्हणून डावीकडं जाती. तीन बोटं लवणाऱ्या बारीक काठ्या घ्या. न्हाईतर टोक जड करा, म्हंजी जरा लवंल. भावजींचं वय झालंय. चहा दिला.

शनिवार, १४ एप्रिल
टोक जड करण्यात कमीपणा न्हाई. तीन तोळ्यांची लावली. बाण सरळ गेले! मी टाळ्या वाजवल्या. नारळाच्या दहा पावलं अलीकडं मातीत घुसले. रायबा म्हणाला, आये, रताळी काढाया बरे हाईत. मी बी हसले.

गुरुवार, १९ एप्रिल
रायबानं भावजींकडून बारीक बाण करून आणले. पाच मारले, चार नारळाला. सगुणा नाचायचीच राहिली. मला बी आनंद झाला. झालाच असणार. मग धनुष्याकडं बघितलं. मालकांच्या धनुष्याला त्या कोवळ्या काड्या. जत्रेत सगळ्यांना कळणार. आत काही हललं न्हाई. भाकरी खाल्ली, झोपले.

मंगळवार, २४ एप्रिल, सकाळी
भात्यातल्या काड्या काढून घडवंचीखाली ठेवल्या. माझे पहिले, तोळ्याच्या टोकाचे बाण भरले. आज वारा न्हाई, सरळच जातील. मग रायबाच पाया पडंल माझ्या.

तोच दिवस, संध्याकाळी
रायबानं भात्यात हात घातला. जाडी हाताला लागली. माझ्याकडं बघितलं. मी पदर सारखा केला. तीन बाण मिळतात. तिन्ही डावीकडं. खालच्या आळीच्या चिमाजीनं पहिल्यात फोडला. भावजी ओरडले, आरं, ही लाकडं कुणी भरली? रायबा म्हणाला, म्याच. घाईत चुकीचे आणले. कुणी तरी म्हणालं, बापाचं नाव घालवलंस की रं. तो बाण गोळा कराया गेला. पालखी चिमाजीच्या खांद्यावर गेली. मला काही वाटलं न्हाई. उद्या चारचौघांत सांगणार, बाण मी बदलले. ठरलं.

बुधवार, २५ एप्रिल
दिवसभर घरात कुणी ना कुणी. सगळी रायबाला बोलत होती. एवढ्या लोकांत कसं सांगायचं? रायबाला एकट्याला सांगीन. तेच बरं दिसंल.

गुरुवार, २६ एप्रिल
रायबा शेरडं घेऊन वरच्या पठारावर गेला, आठ दिवस तिकडंच. मी झोपलेय समजून उठवलं न्हाई. मी जागीच होते. दुपारी सगुणा त्याची भाकरी घेऊन निघाली. दारात थांबली. म्हणाली, आत्याबाई, त्यांना काय सांगायचंय का?
म्हटलं, पोटभर खा म्हणावं.