कोणीच नाही, असं मी म्हणाले

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज वैशाली आली, पण बसली नाही. यवतमाळची ही मुलगी हिंजवडीत नोकरी करते आणि गेले सहा महिने दर मंगळवारी समुपदेशनासाठी माझ्याकडे येते. तिच्या कंपनीच्या आरोग्य विम्यातून मी फी घ्यायला लागले, म्हणूनच तिला परवडलं. पण विम्याच्या फॉर्मवर आजाराचं नाव लिहावंच लागतं. मी ‘नैराश्य’ लिहिलं. तेव्हा तिनं विचारलं होतं, “मॅडम, हे कोण वाचणार?”

“कोणीच नाही,” मी म्हणाले. का म्हणाले? मला तरी कुठे माहीत होतं?

फॉर्म तिच्या ऑफिसमार्फत पुढे गेला. काल तिथल्या साहेबांनी तिला जर्मनीच्या प्रोजेक्टमधून काढलं. “तुझ्या तब्येतीसाठीच गं,” असं वर हसून सांगितलं.

मी कपाटातून फॉर्मची प्रत काढली. अगदी खाली, बारीक अक्षरात होतं: माहिती कंपनीला देण्यास संमती. त्याखाली तिची सही, शेजारी माझी. मी ते आज पहिल्यांदा वाचलं. ‘कोणीच नाही’, किती सहज म्हणून गेले!

मी माफी मागणार, तोच ती म्हणाली, “जाऊ द्या मॅडम, माझंच चुकलं. सही करताना वाचायला हवं होतं.”

दुसऱ्याची चूक अंगावर ओढून घ्यायची तिची ही सवय सोडवण्यासाठीच तर सहा महिने आमची धडपड चालली होती. आणि आज ते वाक्य ऐकून मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. “नाही गं, माझं चुकलं,” हे तोंडातून निघेपर्यंत ती जिना उतरून गेली होती.