केळीच्या भावाआधीचं गाणं

मी, निंबा पुना महाजन, वय बहात्तर, मूळ भडगावचा, हल्ली राहणार जळगाव, धंदा रेडिओ दुरुस्ती, पूर्ण शुद्धीवर व स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पुतण्याचा चित्रपट पाहूनही ते ठिकाणावर राहिलं, हे विशेष.

१. राहत्या घरातला माझा हिस्सा पुतण्या तेजस यास. त्याने माझ्या तरुणपणावर विनोदी चित्रपट काढला म्हणून नव्हे. मला मूलबाळ नाही, आणि आपल्या माणसाला उघड्यावर टाकायला मी त्याच्या बापासारखा नाही.

२. भुसावळच्या रेल्वे गार्डाकडून घेतलेल्या रॉकच्या तबकड्याही त्यालाच. एकोणऐंशी साली मी व मित्र रतिलाल सोनार यांनी भडगावला केळीच्या वखारीत विनापरवाना रेडिओ केंद्र चालवलं, ते याच तबकड्यांवर. चित्रपटात यातलं एकही गाणं नाही. सगळी मुंबईत नव्याने केलेली, गुळगुळीत.

रतिलालचा क्रम ठरलेला: आधी गिटार, मग दिल्लीचा केळीचा भाव. भावासाठी अख्खं शिवार दात-ओठ खाऊन गाणं ऐकायचं, पुढेपुढे बांधावर गुणगुणायचंही. दलालांना मात्र भाव पाडून माल उचलता येईना. तेजसने भावच गाळला. म्हणाला, "नाना, केळीचे भाव ऐकायला तिकीट कोण काढेल?"

३. चित्रपटात तेजसचे वडील, माझे थोरले भाऊ प्रेमराज, पोलिसांपासून यंत्र लपवतात आणि टाळ्या घेतात. खरं असं की भाऊ केळीचे दलाल होते, आणि पोलिसांना वखार त्यांनीच दाखवली. रतिलाल पुढे झाला. "यंतर मन्हं शे, निंबाना काही संबंध नही," म्हणाला. यंत्र एकट्याचं सांगून तो तुरुंगात गेला, त्याचं दुकान बसलं, सुटल्यावर फार जगला नाही. पडद्यावर तो दारू पिऊन केळीच्या ढिगात पडतो. धुळ्याच्या थिएटरात लोक पोट धरून हसले. माझ्या शेजारी त्याची मुलगी मोहिनी होती. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात होती. तिने विचारलं, "काका, बाबा खरंच असे होते?" रतिलालने जन्मात दारूला हात लावला नाही. मी तसं सांगितलं, पण एवढ्या मोठ्या पडद्यापुढे माझ्या शब्दाला कोण विचारतो? भाऊंना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

४. रतिलालच्या आवाजाची एकमेव टेप मोहिनीस. तेजसला ती गाण्यांच्या अल्बमसाठी हवी आहे. त्याने मागू नये.

५. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, असं वकील म्हणाले. मी वरची चारही कलमं भाऊंना मोठ्याने वाचून दाखवली. "निंबा, बठ्ठं लिखानी काय गरज व्हती?" सगळं लिहायची काय गरज होती, एवढंच बोलले. खोटं आहे, असं म्हणाले नाहीत. मुलाला घर मिळतंय, तेव्हा सही करतील.

मोहिनीला आधी टेप ऐकवावी, मग या कलमांखालची भाऊंची सही दाखवावी. रतिलालचा क्रम मोडू नये.

लिहून देणार: निंबा पुना महाजन
साक्षीदार: १. प्रेमराज पुना महाजन, थोरले बंधू
२. श्रेयांस उत्तमचंद लोढा, शेजारी दुकानदार
जळगाव, १२ नोव्हेंबर २०२५