रिकाम्या डब्याचं वजन

मामा,

काटा खोटाच होता, हे मी पाच वर्षांपूर्वी म्हटलं होतं आणि अजून शब्द मागे घेतलेला नाही. तरी मागच्या पत्रात तुम्ही पुन्हा तेच उकरून काढलंत, की ज्याला तेल तोलताना आधी रिकामा डबा तोलायचं सुचत नाही तो परक्या मुलखात काय दिवे लावणार. अकरा गिऱ्हाइकांना डब्याच्या वजनाइतकं तेल कमी गेलं, तुमच्या दुकानात मापात पाप आहे असं गल्लीभर झालं, तुम्ही घरोघर जाऊन पदरचं तेल भरून दिलंत आणि येताना माझ्या कानाखाली काढलीत, हे सगळं मला पाठ आहे. शाळेत एक कविता पाठ झाली नाही, हे मात्र झालं. असो. नमस्कार राहिला, तो आता घ्या. तुमची कंबर कशी आहे, मामीचा दमा कसा आहे? (उत्तर सविस्तर लिहा, पण कंबर आणि दमा एवढ्यावरच थांबा. तेलावर येऊ नका.)

मी बरा आहे. नोकरी तीच आहे. चष्मा पुसून पुन्हा वाचलंत तरी तेच लिहिलेलं दिसेल. गोदामात सतरा दिवस, लॉन्ड्रीत एक महिना, लिफ्टवाल्याकडे नऊ दिवस (लिफ्ट वर जायची, पगार नाही) असा माझा आजवरचा लौकिक, पण इथे चौथा महिना लागला. काम कुत्र्याचं आहे. म्हणजे कुत्र्यासारखं नाही, कुत्र्याचं. त्याचं नाव वादळ. लहान असताना त्याने एका दुपारी तीन फुलदाण्या फोडल्या म्हणून हे नाव पडलं, आणि पुढे त्या नावाला जागण्याचं त्याने सोडून दिलं. मी आलो तेव्हा त्याचं वय नऊ, वजन चव्वेचाळीस किलो आणि मागचा एक गुडघा कामातून गेलेला. उठायचं ठरवलं की पुढचे दोन पाय उठायचे, मागचे फरशीवर घसरायचे, आणि अर्धा कुत्रा उभा, अर्धा बसलेला असा तो आपल्याकडे बघत राहायचा. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करतो, पण वजन सदतीसच्या खाली आणा, एवढ्या ओझ्याखाली दुरुस्त केलेला गुडघा टिकायचा नाही. तीन महिने देतो. नाही उतरलं तर तो पुन्हा आपल्या पायांवर फिरेल ही आशा सोडा.

घरात दोनच माणसं. म्हातारी मालकीणबाई, जिचा कुत्र्यावर जीव आहे, आणि तिची सून, जी मोठ्या शाळेत गणित शिकवते आणि जिचा कुणावर जीव आहे ते अजून कळलेलं नाही. सूनबाईंनी पहिल्याच दिवशी कागद लिहून भिंतीला चिकटवला. खाणं मोजून, दोन वेळा, एवढाच कप. फरशीवर ठिकठिकाणी पायपुसणी, म्हणजे पाय घसरणार नाहीत. पोटाखालून टॉवेल घालायचा, त्याची दोन्ही टोकं मी धरायची, आणि दिवसातून सहा वेळा दहा-दहा मिनिटं फिरवायचं. संध्याकाळी टबात पोटापर्यंत कोमट पाणी भरून त्यात चालवायचं, कारण पाण्यात गुडघ्यावर भार येत नाही. टब तीन पावलांचा आहे. तीन पावलं गेलं की मी आत उतरून कुत्रा वळवायचा, पुन्हा तीन पावलं. रस्त्यात लोक विचारायचे, आजारी आहे का? मी म्हणायचो, नाही, श्रीमंत आहे.

आता वजनाचं ऐका, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. बाथरूममधल्या वजनकाट्यावर कुत्रा उभा राहीना. मग सूनबाईंनी युक्ती काढली. आधी मला एकट्याला उभं केलं. बावन्न भरलो. कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेनने लिहिलं, ‘मुलगा ५२’, आणि खाली दोन रेघा मारल्या. मग कुत्रा उचलून घेऊन मी उभा राहिलो. शहाण्णव. त्यातून मुलगा वजा, कुत्रा चव्वेचाळीस. दर रविवारी हाच कार्यक्रम. मी उचलायचो, त्या वाकून आकडा वाचायच्या, आणि डोक्यातल्या डोक्यात बावन्न वजा करायच्या. पहिल्या महिन्यात शहाण्णव. दुसऱ्या महिन्यात पंच्याण्णव, मग पुन्हा शहाण्णव. कुत्रा चव्वेचाळीसवरून हलेना.

इथे एक लपवलेली गोष्ट सांगतो. मालकीणबाईंना तो कागद मान्य नव्हता. त्या रोज सकाळी लोणी लावलेल्या पावाचे दोन तुकडे आणि उकडलेलं अंडं गुपचूप माझ्या खिशात घालायच्या आणि म्हणायच्या, माझ्या बाळाला दे, तिला सांगू नकोस. दुपारी चीज. संध्याकाळी बिस्किटं, तीही आत मलई भरलेली. (मलईच्या बिस्किटांनी खिशाचं काय होतं हे धोब्याला विचारा.) मी काही ते कुत्र्याला दिलं नाही. एकदाही नाही, तुमच्या गळ्याची शपथ. पण अन्न टाकू नये हे तुम्हीच शिकवलंत. मग उरतं कोण? मी ते जिन्याखाली उभं राहून खात असे, आणि वादळ समोर बसून माझ्या प्रत्येक घासाचा हिशोब ठेवत असे.

अडीच महिन्यांनी सूनबाईंनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, तू त्याला चोरून खायला घालतोस. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, आकडे खोटं बोलत नाहीत. डॉक्टरांकडे जायचंय तोवर थांब, मग तुझा पगार घे आणि जा. मालकीणबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी लोकरीच्या गुंड्याकडे बघितलं आणि पुढचा टाका घातला. मग मीही लोणी-पावाचं नाव काढलं नाही. खरं सांगितलं तर म्हातारी तोंडघशी पडते, नाही सांगितलं तर मी. आणि एक सांगू का, जायचं दुःख मला कधी होत नाही, माझ्या पायाला भिंगरीच आहे. पण दोनच दिवसांपूर्वी वादळ दारातली पायरी टॉवेलशिवाय चढला होता. चढून मागे वळून बघितलं त्याने, मी पाहिलं की नाही ते. हे कुणाला सांगणार? कॅलेंडरवर चव्वेचाळीसच होते.

डॉक्टरांकडचा काटा जमिनीला लागून असतो. वादळ आपल्या पायांनी त्यावर गेला आणि उभा राहिला. साडेछत्तीस. सूनबाई म्हणाल्या, तुमचा काटा खोटा आहे. (मामा, माझ्या अंगावर काटा आला. हेच वाक्य, याच आवाजात.) डॉक्टरांनी कुत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या विजारीचं बटण महिन्यापूर्वीच तुटलं होतं, तिथे मी सुतळी बांधली होती. मला वाटलं, कपडे धुऊन आटले. ते म्हणाले, तू उभा राहा बघू. साडेएकोणसाठ.

गणिताच्या बाईंनी हळू आवाजात बेरीज केली आणि शहाण्णव म्हणाल्या. कंपाउंडर हसला, मालकीणबाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि त्याबरोबर एक बिस्कीट खाली पडलं. कुत्र्याने ते खाल्लं. त्या दिवशी त्याला कुणी अडवलं नाही.

आपला,
दुकानातून पळालेला

ता. क. ऑपरेशन गुरुवारी आहे. त्यानंतर सहा आठवडे त्याला उचलून बाहेर न्यायचं आहे, आणि तो माझ्याशिवाय कुणाला उचलू देत नाही. म्हणजे पुढच्या महिन्यात दुकानावर बसायला येतो म्हटलं होतं ते जमणार नाही. माझं स्टूल मात्र कुणाला देऊ नका.

ता. क. २. कॅलेंडरवर आता दोन रकाने आहेत. माझ्या कपाचं मापही भिंतीवर लागलंय. तेव्हा मामीला सांगा, पोरगं फार वाळलंय, खाऊचं पार्सल बंद करू नकोस.

ता. क. ३. काटा बरोबर होता, मामा. डबा मी तोलला नव्हता. तेव्हाही नाही, आत्ताही नाही. फरक एवढाच की या वेळी डबा मीच होतो. अकरा डबे, दर डब्याला चारशे ग्रॅम, आजच्या भावाने मनिऑर्डर करतोय. सहाशे साठ.