माझ्याच कथेचं परीक्षण

इंदूर, नोव्हेंबर १९९३

प्रिय विष्णू,

अरे, तुझ्या केसांतला कापूस छापून आला! पाळी सुटल्यावर मिलच्या गेटबाहेर मी तो वेचायचो ना, त्याचीच कथा. पुण्याच्या दिवाळी अंकात, टोपणनावाने. दोन पुरुषांचं प्रेम, आणि त्यांनी एक ओळसुद्धा कापली नाही!

आता खरी मजा ऐक. आमच्या हिंदी पेपरात मराठी वाचणारा मी एकटाच. म्हणून संपादक शर्माजींनी तोच अंक माझ्या टेबलावर टाकला, "ज्ञानदीप भिया, इसकी समीक्षा तुम ही निपटाओ."

सकाळपासून तीन कागद फाडले. स्वतःचं कौतुक केलं तर लबाडी, कथा वगळली तर भित्रेपणा. शेवटी लिहिलं, कथा चांगली आहे, पण लेखक टोपणनावामागे लपला, हा तिचा दोष. तो आज दुरुस्त करतो, कारण ही कथा माझी आहे.

शर्माजींनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला. "नौकरी का सोच लिया?" मी हो म्हटलं. रविवारचं पान छापायला गेलं! पेढे वाटावेसे वाटतायत यार.

घाबरू नकोस, तुझं नाव कुठेच नाही. हे पत्रही टाकणार नाही. मिल बंद पडल्यावर तू पीथमपूरला गेलास, तिथे तुझी पत्रं शोभनावहिनी उघडतात. आमचा रविवारचा पेपर मात्र घरात सगळ्यांच्या आधी तूच उघडतोस.

आता नावानिशी तुझा,
ज्ञानदीप