पॅनेलसमोर गिरकी

ती. दादास,

तुझ्या आगाऊ धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकायला आमच्या घरातल्या बोळात जागा नाही, पण पोचला असं समज.) गुडघा काय म्हणतो? वहिनी जिना चढू देते का? आम्ही सगळे मजेत आहोत, एक तुझं कपाट सोडून. म्हणजे कपाटही धडधाकट आहे, तेच तर दुखणं आहे.

झालं असं, की केकची मोठी भट्टी घ्यायची ठरली. हो, तीच, जिच्यावरून आपलं वाजलं आणि ‘आठ दिवसांत कपाट नेतो’ म्हणून तू पाय आपटत गेलास. (कसले रे हे आठ दिवस? एवढ्यात तुझ्या भाचीची उंची माझ्याएवढी झाली!) भट्टीला वाढीव वीज हवी, त्यासाठी नवं पॅनेल हवं, आणि ते तपासनीस साहेबांनी पास केल्याशिवाय वीज नाही. वीज नाही तर भट्टी नाही, आणि ‘नोकरी सोडून काय दिवे लावणार आहेस’ हे तुझं वाक्य खरं ठरणार. तेवढं मला होऊ द्यायचं नाही.

आमचा वायरमन काडीपैलवान, कुठल्याही फटीत शिरतो. पण पॅनेल फटीत चालत नाही म्हणे. न्हाणीघराशेजारी लाव म्हटलं, तर पाणी. जिन्यावर लाव म्हटलं, तर बटण पाडणारा स्वतःच पडेल. मी दर वेळी ‘का?’ विचारत होते आणि तो बिचारा सांगत होता. (‘नाही’ मला चालतं रे, ‘का’ कळल्याशिवाय झोप येत नाही.) शेवटी म्हटलं, दादाच्या कपाटातच बसव. आत कपडे असतील तर पेट घेतील, म्हणाला. कपडे आहेत का, ते कुणाला ठाऊक? किल्ली तुझ्याकडे. हलवलं की आत काहीतरी गडगडतं. आम्ही सगळ्यांनी कान लावून ऐकलंय. काय आहे रे ते?

मग बोळातच, कपाटाच्या समोरच्या भिंतीवर पॅनेल लावलं. साहेब आले. चांगले भरलेले गृहस्थ. टेप काढण्याआधी पॅनेलसमोर उभे राहिले आणि गिरकी घ्यायला गेले, ते अर्ध्यावरच अडकले. पुढे पॅनेल, मागे तुझं कपाट! वायरमनने हाताला धरून ओढून काढलं. एवढ्याशा पेटीला एवढी मोकळी जागा कशाला, असं मी विचारलंच. शर्ट नीट करत ते म्हणाले, उद्या धूर झाला, दिवे गेले, तर इथे धावत तुम्हीच येणार ना? पटलं. पटलं की मी वाद घालत नाही. (तुझं त्या दिवशीचं अजून पटलेलं नाही.) साहेब पुन्हा येणार आहेत. तेव्हा किल्ली घेऊन ये आणि कपाट ने, नाहीतर माझी भट्टी बुडाली.

तुझी,
छोटी

ता. क. पाकिटावर पत्ता लिहिताना तुझा राग आला, म्हणून पत्र तसंच पडून राहिलं. मधल्या काळात वायरमन विसरलेला टेस्टर न्यायला आला होता. जाताना चपला घालायला त्याने दाराजवळच्या भिंतीला हात टेकला आणि तसाच उभा राहिला. त्या भिंतीला आम्ही सगळे रोज हात टेकतो, पण बघितली कुणीच नव्हती! चपलांचं रॅक उचललं, पॅनेल तिथे आलं. साहेबांनी अख्खी गिरकी घेतली, वर टेपही लावून पाहिली. पास! भट्टीतला पहिला केक करपला, दुसरा झकास झाला.

ता. क. २ तर कपाट आता कुणाच्याच आड येत नाही. वरचं पत्र फाडणार होते, पण मग तुला यायला निमित्त काय उरलं असतं? तुझी फार आठवण येते रे. कपाट न्यायला ये. नेलं नाहीस तरी चालेल.